दरीकडची बाजू

मळवली
४ नोव्हेंबर, मंगळवार

ताई,

कागदावर लिहितेय कारण तू मला सगळीकडून ब्लॉक केलंयस. व्हॉट्सॲप, इन्स्टा, साधा कॉलसुद्धा. परवा दत्ताकाकांच्या फोनवरून लावला, तर माझं ‘हॅलो’ ऐकून कट. म्हणून आता आई पोस्टमन. ती डबा आणते, रिकामा डबा नेते, त्यात हे पत्र. (आई, तू वाचणार हे मला माहितीये. वाच, पण ताईला दे. प्लीज.)

मराठीत लिहितेय, कारण इंग्लिशमध्ये लिहिलं तर म्हणशील, कॉन्व्हेंटचा तोरा. ऱ्हस्व-दीर्घ तपासत बसू नकोस.

मी ठीक आहे. दत्ताकाका ज्या बंगल्याची राखण करतात त्याच्या मागच्या खोलीत राहतेय. समोर भात झोडपणं चाललंय, दिवसभर धप धप. घरापासून एका स्टेशनावर आहे आणि तरी वाटतं की दुबईला आलेय.

आता मुद्दा. तू हिरीला सांगितलंस म्हणे, ‘फिल्म तरी कर नाहीतर दुकानात तरी ये.’ ताई, हे फेअर नाहीये. माझ्यावर राग आहे तर माझ्यावर काढ. सीझनच्या तोंडावर मी दुकान सोडलं, मान्य. तुझा फोटोग्राफर उमेशदादा माझा कॅमेरा करतोय, तेही मान्य. पण तो त्याच्या सुट्टीच्या दिवशी करतो. हिरीही तसंच करणार होती.

दिवाळीच्या आधी त्या दिवशी तू मला बोलूच दिलं नाहीस. म्हणून शॉर्ट फिल्मच्या लॅबवाल्यांना जे लिहून पाठवलं, तेच इथे लिहिते. लॅबमध्ये निवड झाली तर फिल्म पूर्ण करायला लोक शिकवतात, मदत करतात. महिनाअखेरीपर्यंत शूट केलेलं पाठवायचंय. तर, मी लिहिलंय:

“लोणावळ्यात लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात. माझ्या बहिणीच्या दुकानातून लांब शेपटीचा गाऊन भाड्याने घेतात. कुरवंड्याच्या पठारावर, नागफणीच्या बाजूला, कड्याजवळ उभी राहतात. दुकानात काम करणारी हिरी ती शेपटी हवेत फेकते आणि फ्रेमबाहेर पळते. फोटोत नवरी, नवरा, आकाश आणि उडणारी शेपटी. हिरी एकाही फोटोत नाही. माझी फिल्म त्या पळण्यावर आहे.”

एवढंच. यात तू व्हिलन कुठे आहेस? मला माहितीये तुला कुठलं वाक्य लागलं. आपल्या दुकानाचा नियम आहे ना, नवरी आणि दरी यांच्या मध्ये आपलं माणूस पाहिजे. शेपटी टाकणारी नेहमी दरीकडच्या बाजूला. स्क्रिप्टच्या एका पानावर तो नियम लिहून त्याच्याखाली मी लिहिलं होतं, ‘आणि हिरी आणि दरी यांच्या मध्ये कोण?’ तू ते पान वाचलंस, टेबलावर ठेवलंस, वर मापाची टेप ठेवलीस आणि म्हणालीस, “जा. कर पिक्चर.” त्यानंतर बोललीच नाहीस.

ताई, तो प्रश्न आहे. आरोप नाहीये.

शेवटचा एक शॉट मला हवाय. हिरी गाऊन घालून मधोमध. एकटी. शेपटी उडतेय आणि ती कॅमेऱ्याकडे बघतेय. फ्रेममध्ये दुसरं कोणी नाही. तेवढ्यासाठी तिला एक शुक्रवार दे. शुक्रवारी कुठे आपल्याकडे गर्दी असते?

तुझी
पिनू

ता. क. जुना लाल गाऊन माझ्याकडे आहे. आईने पेटीतून काढून दिला. तिला बोलू नकोस. तू तो वापरत नाहीस, म्हणून घेतला.


मळवली
९ नोव्हेंबर, रविवार

ताई,

उत्तर नाही. पण हिरी कामावर होती, म्हणजे तू तिला काढलं नाहीस. थँक यू. आई म्हणाली, तू पत्र गल्ल्याच्या काउंटरपाशी उभ्या उभ्या वाचलंस आणि कुर्त्याच्या खिशात ठेवलंस. फाडलं नाहीस. मी एवढ्यावर खूश आहे.

शुक्रवारी रिहर्सल केली. हसू नकोस हं. तुला वाटतं ना मी अंधेरीत स्टायलिंग करून आले म्हणजे मला सगळं येतं. काहीही येत नाही! ॲक्शन म्हणायचं मी विसरते, कारण तोंडात पिना. तोंडात पिना असताना ॲक्शन म्हणून बघ, ‘अंक्फन’ असं ऐकू येतं.

आणि हिरी! हिरीला गाऊन घातला, मधोमध उभी केली, तिचा नवरा शिदू शेपटी टाकणार, उमेशदादा कॅमेऱ्यावर. मी म्हटलं ॲक्शन. हिरी गाऊन दोन्ही हातांनी वर उचलून पळाली. सरळ फ्रेमच्या बाहेर, करवंदीच्या जाळीमागे जाऊन बसली.

मी म्हटलं, “हिरीताई, पळायचं नाही!”

“ठावं हाय गं. पन तू आरडलीस की पाय आपसूक पळत्यात. त्येंला काय सांगू?”

पुन्हा. पुन्हा पळाली. तिसऱ्यांदा ती थांबली, खरंच थांबली, गाल फुगवून, डोळे मिटून, सुई टोचून घेतल्यासारखी. आणि मी काय केलं असेल? तिच्या खांद्यावरची चुणी सरकलेली दिसली आणि मी पळत आत गेले, नीट करायला. शॉट चालू असताना! उमेशदादा कपाळाला हात लावून म्हणाला, “एक बाहेर पळते, एक आत पळते. मी काय शूट करू, दगडं?”

ताई, फोटोत चालतं गं ते. फोटोच्या आधी आत जायचं, चुणी नीट करायची, मागून क्लिपा मारायच्या, बाहेर यायचं. गाऊन हिरीला सैल होता म्हणून मी सवयीने पाठीला क्लिपांची रांगच लावली होती. पुढून एकदम मापात. मग मी तिला म्हटलं, आता चालत दरीकडे बघ. ती वळली आणि पाठीवर सगळ्या क्लिपा चमकल्या. शिदू खो खो हसायला लागला. हिरी म्हणाली, “फुडनं रानी आन मागनं वाळत घातल्याली!”

फिल्ममध्ये माणूस वळतं. हे मला कोणी शिकवलंच नव्हतं.

नंतर वारा जरा वाढला. हिरीचा तोल गेला. मी धावत जाऊन धरलं. तिच्या मनगटाला थोडं लागलंय, बाकी ओके. आम्ही लगेच पॅक-अप केलं. तिला दोन दिवस जड काम देऊ नकोस. ती स्वतःहून सांगणार नाही.

लाइट मात्र काय होता! दरीतून धुकं वर येत होतं आणि लाल रंग असा पेटल्यासारखा. तू बघायला हवं होतंस.

पिनू


लोणावळा
११ नोव्हेंबर

पिनू,

दुकानात गिऱ्हाईक ट्रायल घेतंय, तेवढ्यात लिहिते.

हिरी मला म्हणाली, पाणी भरताना घसरले. तू म्हणतेस, वारा वाढला. दोघींनी आधी ठरवून तरी घ्यायचं.

लाल गाऊन मी वापरत नाही म्हणून तू घेतलास. का वापरत नाही ते विचारलं नाहीस. त्याच्या शेपटीला अस्तर आहे. नुसत्या नेटमधून वारा निघून जातो, अस्तरात भरतो. तो गाऊन मला एकदा ओढत घेऊन गेला होता. तू तेव्हा अंधेरीत होतीस. आईला मी सांगितलेलं नाही, आता ती वाचेल तर वाचू दे. त्या दिवसानंतर नियम केला. हौसेने नाही केला.

आणि हिरी यायच्या आधी दरीकडच्या बाजूला कोण उभं राहायचं, ते तुझ्या पानावर नाही. तेही तू विचारलं नाहीस.

हिरीला मी आठवडाभर घरी बसवलंय. पगार चालू आहे, त्याची काळजी तू करू नकोस.

एकच विचारते. तू लिहिलंयस, ‘मी धावत जाऊन धरलं.’

काय धरलंस?

उज्ज्वला


मळवली
१३ नोव्हेंबर, गुरुवार

ताई,

गाऊन.

गाऊन धरला.

हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. आता पुढचं लिहिते. मध्ये थांबले तर परत लिहिणार नाही.

दरीकडच्या बाजूला कोणी नव्हतं. मीच ठेवलं नव्हतं. मला फ्रेम रिकामी हवी होती. शिदूला मी उलट्या बाजूला उभं केलं, डोंगराकडे, म्हणजे तो दिसायला नको. हिरी म्हणाली होती, “आन हिकडं कोन न्हाई व्हय?” मी म्हटलं, “एकच मिनिट, हिरीताई.” मी गाऊनचा रंग बघत होते.

शिदूने शेपटी टाकली आणि वारा खालून आला. शेपटी वर गेली, फुगली आणि हिरीला घेऊन निघाली. चालत नाही गं, ओढत. दोन-तीन पावलं. मग ती गुडघ्यांवर पडली आणि हात टेकला. कडा लांब होता. हे मी स्वतःला सारखं सांगते, कडा लांब होता. पण गुडघ्यांवर पडल्यावरही ती सरकत होती. शेपटी करवंदीच्या जाळीत अडकली म्हणून थांबली.

मी धावले. सगळ्यात आधी मीच पोचले. आणि मी जाळीतून शेपटी सोडवायला लागले. फाटू नये म्हणून.

जिने तिला अडवून धरलं होतं, ती जाळी मी सोडवत होते, ताई.

उमेशदादाने कॅमेरा सोडून उडी मारली आणि हिरीला कमरेला धरून मागे ओढलं. माझ्यावर ओरडला. काय ओरडला ते मला ऐकू आलं नाही. कॅमेरा स्टँडवर चालूच होता. संध्याकाळी मी ते फुटेज बघितलं. त्यात मी आहे. माझे हात अगदी हळू, एकेक काटा बाजूला करतायत. चेहराही दिसतो. तो कामाचा चेहरा आहे. मला वाटायचं, तो माझा चांगला चेहरा आहे.

मला वाटायचं मी स्टायलिंग सोडलं. दुकान सोडलं, एवढंच झालंय.

काल हिरीकडे गेले. कुरवंड्याच्या वरच्या वाडीत, तिच्या घरी. मनगटाला कसला तरी पाला बांधलाय. मी दवाखान्यात चल म्हटलं तर म्हणाली, “उजाताई घिऊन गेलती. फोटू काडला. मोडल्यालं न्हाई.” म्हणजे तू आधीच तिला एक्स-रेला नेलं होतंस. घसरले म्हणाली तरी. आणि तुझ्या पत्रात त्याची एक ओळही नाही.

मी सॉरी म्हटलं. हिरी चहा गाळत होती, डाव्या हाताने, सगळा बशीत सांडत.

“सॉरी कशापायी? गाऊन म्हाग हाय. मी फाटले तर टाका घालता येतोय.”

आणि हसली. मला हसता येईना. शिदूही हसला नाही. तो दारात बसला होता, म्हणाला, “बास झाला आता पिच्चर. हिला काय झालं आसतं तर मी कुटं गेलो आसतो?”

“तू गप ऱ्हा,” हिरी म्हणाली. “तुला शेपूट टाकाया सांगितली तर वैरन फेकल्यावानी फेकलीस.”

“मला काय म्हाईत? ही बाय म्हनली जोरात फेक!”

मी म्हणाले, तो शॉट मी करत नाही. राहू दे. फिल्म त्याच्याशिवाय करते. खरं सांगते ताई, मनापासून म्हणाले. आणि हिरी भडकली! बशी आपटली.

“का म्हून? इतकी वर्सं समद्यांच्या शेपट्या उडावल्या. कुनाच्या फोटूत माजा कोपरा बी न्हाई. आता यकदा मधी हुबी ऱ्हाते म्हनलं तर तू पळतीस?”

“पण तुला भीती नाही वाटत?”

“वाटती की. म्हनून सांगते. उजाताई दरीकडं आसंल तर हुबी ऱ्हाते. दुसऱ्या कुनाच्या भरवशावर न्हाई.” मग माझ्याकडे बघून, “तुज्या तर आजाबात न्हाई.”

मी विचारलं, ताईच का? ती म्हणाली, “तिचं ध्यान फोटूत नसतंय. पायाकडं बघती ती.”

आता तू विचारलेलं दुसरं. हिरीच्या आधी कोण उभं राहायचं? मी आईला विचारलं. आई डबा पुसत बसली, मग म्हणाली, “कोण म्हणजे? दुकानात दुसरं होतं कोण?” पहिले दोन सीझन तूच. सकाळी गाऊन इस्त्री करायचे, मग पठारावर जाऊन शेपटी टाकायची. मी तेव्हा तुला व्हिडिओ कॉलवर सांगायचे की बेज कलर ट्रेंडमध्ये आहे.

ते पान मी फाडलं नाही. पण त्या प्रश्नाच्या वर एक ओळ कोरी सोडलीये. काय लिहायचं ते मला कळत नाहीये.

येशील?

पिनू


मळवली
१८ नोव्हेंबर, मंगळवार

ताई,

आईच्या डब्यात पुन्हा काही नाही. मी डबा उलटा करून बघितला, आई म्हणाली, “त्यात फक्त मेथी होती गं.”

हे शेवटचं विचारणं.

अंधेरीहून मॅमचा फोन आला होता. ज्यांच्याकडे मी असिस्टंट होते त्याच. लग्नाच्या कपड्यांचं मोठं काम आहे, मार्चपर्यंत, मला परत बोलावतायत. यावेळी असिस्टंट नाही, माझं नाव येणार. सोमवारपर्यंत हो किंवा नाही सांगायचंय. मी फोन ठेवला आणि मला बरं वाटलं. हेच मला टोचतंय. किती बरं वाटलं! तिथे मला सगळं येतं. तिथे कोणी वळत नाही.

उमेशदादा म्हणाला, हिरी नाही तर दुसरी कोणी उभी कर, पाठमोरी, कळणार नाही. नाहीतर बंगल्याच्या लॉनवरच करू, मोठा पंखा लावून, मागचं आकाश कॉम्प्युटरवर घालू. मी रविवारी ते खरंच करून बघितलं. मीच गाऊन घातला. दत्ताकाकांनी लग्नाच्या मांडवाचा पंखा आणून दिला. शॉट सुंदर आला, ताई. इतका सुंदर की मॅमना पाठवला असता तर एका फटक्यात पास. मी तीनदा बघितला आणि काढून टाकला. त्यात कोणालाच भीती वाटत नव्हती.

गाऊनचं अस्तर उसवलंय. आई आणि मी मिळून. तुझी शिवण किती बारीक आहे गं, ब्लेड घालायलाच जागा नाही. आई म्हणाली, “ती शिवते ते निघू नये म्हणूनच शिवते.” आता शेपटी पूर्वीइतकी फुगणार नाही. कमी उंच उडेल. उडू दे. पाठीच्या क्लिपाही नाहीत, हिरीच्या मापाने मागून धावदोरा घातलाय. वळली तरी चालेल.

येत्या शुक्रवारी, ऊन चढायच्या आत आम्ही पठारावर असू. हिरी म्हणते हात बरा आहे. मला पटत नाही, तू बघून ठरव. तू आलीस तर शॉट. नाही आलीस तर हिरी घरी जाईल, कारण तिने तसं सांगितलंय, आणि यावेळी मी ‘एकच मिनिट’ म्हणणार नाही. मग लॅबला पाठवायला माझ्याकडे शेवट नाही आणि सोमवारी मी मॅमना हो म्हणेन.

हे ब्लॅकमेल वाटतंय ना? मलाही वाचून तसंच वाटलं. खोडणार होते. पण खोडलं असतं तर पुन्हा पुढून मापात आणि मागे क्लिपा.

तू यावंस असं मी म्हणत नाही. म्हणजे म्हणतेय.

पिनू


मळवली
२२ नोव्हेंबर, शनिवार

ताई,

तू आलीस आणि बोलली नाहीस. म्हणून हे पुन्हा कागदावर.

तुला माहीत नाही तू यायच्या आधी काय झालं ते. आम्ही अंधारातच वर गेलो होतो. पठारावर दुसऱ्या दुकानांची दोन जोडपी होती, एक पिवळा गाऊन, एक निळा. त्यांच्या शेपट्या उडत होत्या, मुलं फेकून पळत होती. हिरी लाल गाऊन घालून दगडावर बसली होती आणि वडापाव खात होती. मी म्हटलं, “डाग पडेल.” तिने माझ्याकडे नुसतं बघितलं. मी म्हटलं, “पडू दे.”

ऊन आलं. धुकं खाली उतरायला लागलं. शिदू म्हणाला, “न्हाई येत ती. चला.” उमेशदादाने लेन्सचं झाकण लावलं. मी कोणालाच थांब म्हटलं नाही. हिरी उठली, गाऊन मागून झटकला आणि मला म्हणाली, “काड आता ह्यो. मला पानी भरायचंय.” मी तिच्या पाठीवरच्या धावदोऱ्याची गाठ सोडायला हात लावला आणि तेवढ्यात तुझी स्कूटी ऐकू आली. तिचा सायलेन्सर अजून दुरुस्त केला नाहीस. बरं झालं.

तू हेल्मेटसकट आलीस. माझ्याकडे बघितलं नाहीस. सरळ हिरीचं मनगट धरून दाबलंस. ती ‘आई गं’ म्हणाली.

“सूज आहे अजून. आणि आलीस?”

“तू बी आलीसच की.”

“मी हिला हाणायला आलेय.”

“मग आदी शेपूट टाक, मंग हान.”

तू शेपटीची कड दोन बोटांत धरून चोळलीस, जिथे अस्तर होतं तिथे. बराच वेळ. मला वाटलं आता ओरडशील. तू ओढणी कमरेला खोचलीस, चप्पल काढलीस, दरीकडच्या बाजूचे सुटे दगड पायाने बाजूला केलेस आणि तिथे उभी राहिलीस. शिदूला म्हणालीस, “मागं हो.” आणि उमेशदादाला, “तिला सांग, मी एकदाच टाकणार.”

मी दहा फुटांवर होते. त्याने मला सांगितलंही. “ती म्हणतेय, एकदाच टाकणार.”

मी म्हटलं, ॲक्शन.

हिरीचे पाय हलले. अंगठे आत वळले, जमीन धरल्यासारखे. पळाले नाहीत. तू शेपटी टाकलीस आणि ती गेली वर. पूर्वीइतकी उंच नाही. पण ताई, कशी गेली! उमेशदादाच्या स्क्रीनवर मधोमध हिरी, मागे लाल, आणि तिच्या डाव्या अंगाला तू. आता तू खाली बसून बाजूला सरकशील, नेहमीसारखी, आणि फ्रेम रिकामी होईल. मी वाट बघितली. तू हललीच नाहीस.

मी ओरडले, “ताई, आऊट!”

उमेशदादा ओरडला, “ताई, फ्रेममध्ये आहेस!”

तुला ऐकू आलं होतं. मला माहितीये, कारण तू मान हलवलीस. नाही अशी. एक हात हिरीच्या पाठीमागे, न लावता, आणि नजर तिच्या पायांवर. शेपटी पूर्ण खाली येईपर्यंत तू तशीच उभी होतीस. हिरी कॅमेऱ्याकडे बघणार होती ना? तिने बघितलंच नाही. ती मान वळवून तुझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली आणि तुम्ही दोघी हसलात. काय म्हणाली ते माइकमध्ये आलेलं नाही. मी तिला विचारलं, तर म्हणाली, “तुला कशाला? आमचं हाय ते.”

मग तू हिरीला म्हणालीस, “दुकान उघडायचंय,” हेल्मेट घातलंस आणि गेलीस. मला हाणलंही नाहीस.

हिरीने शॉट बघितला. पहिल्यांदा म्हणाली, “मी हाय की!” मग, “काळी दिसते.” मग बोटाने तुला दाखवून, “आन ही मधी कशापायी आली?” थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, “ऱ्हाऊ दे. तिचा बी कुटं फोटू हाय?”

उमेशदादा म्हणतो, तुला कॉम्प्युटरवर पुसता येईल. दोन दिवसांचं काम. मग मला हवी होती तशी रिकामी फ्रेम. मी त्याला नको म्हटलं. पण तुला विचारल्याशिवाय तू असलेला शॉट कोणाला दाखवणारही नाही. तू नाही म्हणालीस तर तुला पुसणार नाही, तो शॉटच वापरणार नाही. मग माझा शेवट काय होईल ते मी बघेन. माझ्या पानावरची कोरी ओळ तशीच कोरी आहे. आता तिथे काही लिहायची गरज वाटत नाही.

मॅमना ‘नाही’ असं कळवलं. काल दुपारीच, तुझ्या उत्तराची वाट न बघता. त्या म्हणाल्या, पस्तावशील. पस्तावेन बहुतेक. उद्या नाही.

आईकडे हो किंवा नाही पाठव. एक शब्द चालेल. किंवा मला अनब्लॉक कर, मी क्लिप पाठवते, बघून ठरव.

बघशील तेव्हा एक गोष्ट तुला दिसेल, म्हणून आधीच सांगते. तू घाईत आली होतीस. तुझ्या कुर्त्याची कॉलर डाव्या बाजूने आत दुमडलेली होती. शॉटभर तशीच आहे. मला पहिल्यापासून दिसत होती.

मी आत आले नाही.

पिनू